सरांचं बरोबर होतं

१४ मार्च, शनिवार सकाळ

प्रिय मावशी,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरली असशील, मग घरभर चष्मा शोधला असशील आणि तो डोक्यावरच सापडला असेल. घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन केला असता, पण फोनवर तू कुणाला बोलू देतेस? आणि जे सांगायचंय ते सांगताना मध्येच कुणी ‘अगं पण ऐक तर’ म्हटलं, की माझ्याच्यानं पुढे बोलवणार नाही. म्हणून हे पत्र.

तुझा गुडघा कसा आहे? जन्मभर वॉर्डातल्या लोकांना वेळेवर गोळ्या दिल्यास, स्वतःच्या मात्र विसरतेस. शेजारणीला सांगून ठेव आठवण करायला. बोका परत आला हे ऐकून बरं वाटलं. तू पाठवलेला मफलर मिळाला, ऊबदार आहे. आईनं तो लगेच ढापला आणि ‘तुला हा रंग शोभत नाही’ असं वर मलाच ऐकवलं.

दुकान ठीक चाललंय. समोरचा न्हावी पुन्हा पाटी बदलतोय. परवा येऊन म्हणाला, “यावेळी अक्षरं अशी काढा, की गिऱ्हाईक आपोआप आत आलं पाहिजे.” आई म्हणाली, “त्यापेक्षा कात्रीला धार लाव.” तो हसला, कारण आईचं बोलणं या रस्त्यावर कुणाला लागत नाही. पेंटरबाई म्हटलं की सगळं माफ.

तर, कार्यक्रम झाला.

तुला बोलले होते ना, वाचनालयानं आयांच्या कौतुकाचा एक कार्यक्रम ठेवला होता. चार जणींचा सत्कार, आणि प्रत्येकीबद्दल तिच्या मुलानं किंवा मुलीनं बोलायचं. आईबद्दल मी. तू गुडघ्यामुळे येऊ शकली नाहीस याचं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. हॉल भरलेला होता. रस्त्यावरचे सगळे दुकानदार आले होते. अर्ध्यांच्या पाट्या आईच्या नाहीतर माझ्या हातच्या. आई पहिल्या रांगेत, निळ्या कोटात, मांडीवर गुच्छ घेऊन बसलेली. एखाद्या अवघड मुलाला फोटोसाठी बसवावं तशी.

मी आजोबांपासून सुरुवात केली. त्यांनी पाट्या रंगवायचं दुकान काढलं. दोन मुली. धाकटीला टर्पेंटाइनचा वास सोसेना, ती नर्स व्हायला निघून गेली. थोरली राहिली. आजोबा गेल्यावर ती एकटी खांद्यावर शिडी टाकून रस्त्यानं चालायला लागली, तेव्हा लोक म्हणायचे, ‘बाई शिडीवर चढणार, मग पाटी वाचायची कुणी?’ सगळे हसले. मग मी सांगितलं, की बाबा गेल्यावर आई मला शाळेनंतर दुकानातच बसवायची. रेघ मनात पुरी झाल्याशिवाय ब्रश टेकवू द्यायची नाही. चुकलं तर पुसून द्यायची नाही. म्हणायची, “चूक झाकू नकोस, पुढचं अक्षर असं काढ की ती चूक वाटणारच नाही.”

आणि मग मी माझी गोष्ट सांगितली. तीच, जी मी आजवर कितीतरी जणांना सांगितलीय. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक रडव्या पोराला सांगितलीय. मी कला महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला बसले होते. शाळेतले चित्रकलेचे सर स्वतः अर्ज घेऊन आले होते. मी नापास झाले. अंथरुणातून उठेना, जेवेना. तेव्हा आई आली, माझ्या अंगावरचं पांघरूण ओढलं आणि हातात ब्रश देऊन म्हणाली, “त्यांनी नापास केलं, मी पास करते. चल, थिएटरची पाटी अर्धी पडलीय. तुझी रेघ माझ्यापेक्षा बरी येते.” त्या एका वाक्यावर मी आजवर उभी आहे, असं मी म्हटलं. पडलेल्या लेकराला उचलणारी ती आई, असंही म्हटलं. टाळ्या थांबेनात. आई मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, रडतेय.

कार्यक्रमानंतर चहा होता. मी लोकांच्या गराड्यात, आई माझ्या शेजारी. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सर आले. हो, तेच सर. बदली होऊन गेले होते ते आता निवृत्त होऊन परत आलेत, मुलाकडे राहतात. सूनबाई बरोबर होत्या. सर खूप वाकलेत, पण डोळे तसेच आहेत, समोरच्याचं चित्र काढायला घेतल्यासारखे.

म्हणाले, “छान बोललीस. पण एक समजलं नाही मला. नापास झाले असं कशाला सांगितलंस? गोष्टीत रंग भरायला?”

मी म्हटलं, “म्हणजे, सर?”

“अगं, पहिला नंबर होता तुझा. निकाल माझ्याकडेच आला होता. तुलाच जायचं नव्हतं ना?”

मी हसले. खरंच हसले मी, मावशी. वाटलं, ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत. तेवढ्यात शेजारी बशीत कप खडखडला. आई म्हणाली, “सरांचं आता वय झालं. कुणाचा निकाल कुणाला चिकटवतात.”

ती हे अगदी गोड बोलली. आजूबाजूचे चार जण हसले. सूनबाईंनी सरांच्या हातातला कप काढून घेतला आणि “बाबा, चला, बसा जरा” म्हणत त्यांना खुर्चीकडे नेलं. सर गेले. जाताना ते माझ्याकडे बघत नव्हते. स्वतःच्या रिकाम्या हाताकडे बघत होते.

आईनं शिकायला आलेल्या मुलांना मारलेलं मी पाहिलंय, गिऱ्हाइकांना झापलेलं पाहिलंय. पण एका म्हाताऱ्या माणसाला इतकं गोड बोलून गारद करताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. आणि ती असं का करेल, याचं एकच उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. आई डब्यातला पांढरा रंग ढवळत बसली होती. मी शटर अर्धंच वर केलं, म्हणजे कुणी आत येऊ नये.

“आई, सर काय म्हणत होते?”

“सांगितलं ना. वय झालंय.”

“मी पास झाले होते?”

ती ढवळत राहिली. रंग केव्हाच एकजीव झाला होता. मग म्हणाली, “हो.”

“पहिली?”

“हो गं बाई, पहिली. एकदा सांगितलेलं समजत नाही का?” म्हणजे चिडली कोण, तर ती!

मी का म्हणून विचारलं. तिनं काठी डब्यात ठेवली, हात पुसला आणि माझ्यापुढे सरळ धरला. तिचा हात थरथरतो, हे तुला मी काय सांगू? मला वाटायचं, हे वयानं आलंय, गेल्या काही वर्षांतलं. ती म्हणाली, “हे आत्ताचं नाही. तुझ्या परीक्षेच्या आधीचं आहे. बारीक रेघ ओढताच येत नव्हती मला. थिएटरची पाटी घेऊन बसले होते आणि पहिलं अक्षर पुरं होईना. तू गेली असतीस तर दुकान बंद झालं असतं.”

“मग मला सांगायचंस. मी राहिले असते, आई.”

“ठाऊक आहे. म्हणूनच नाही सांगितलं. तू माझी कीव करून राहिली असतीस. जन्मभर तुझ्या डोळ्यांत ती कीव बघत बसायची? ते मला झेपलं नसतं.”

“आणि मी जन्मभर स्वतःची कीव करत राहिले, ते झेपलं तुला?”

तिनं काठी उचलून पुन्हा रंग ढवळायला घेतला.

मावशी, तुला माहितेय मला काय सलतंय? महाविद्यालय हुकलं हे नाही. तिथं जाऊन मी कोण झाले असते कुणास ठाऊक. कदाचित आणखी वाईट पाट्या रंगवल्या असत्या. मला सलतंय ते आईचं कौतुक. ‘तुझी रेघ माझ्यापेक्षा बरी येते.’ हे वाक्य मी इतकी वर्षं एका आईनं आपल्या ढ मुलीला दिलेला धीर म्हणून जपलं. मनातल्या मनात म्हणत आले, माया आहे बिचारीची, म्हणून असं म्हणते. लोकांनी कामाची तारीफ केली तरी मला वाटायचं, यांना काय कळतंय, मला परीक्षकांनी नापास केलंय. मोठी कामं आली तेव्हा मी मागे सरले. सर एकदा बाजारात दिसले, तर मी दुसऱ्या गल्लीत शिरले होते, शरमेनं. आणि आता कळतंय, ती माया नव्हतीच. ती साधी खरी गोष्ट होती! खरं बोलूनसुद्धा माणूस एवढं खोटं बोलू शकतो?

मला पाडलंही तिनंच आणि उचललंही तिनंच. आणि मी मात्र भर सभेत तिला उचलल्याबद्दल टाळ्या मिळवून दिल्या.

इथवर लिहून मी उठले होते. चहा केला, तो ओट्यावरच विसरले. पुढचं लिहायचं टाळतेय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तुझ्या गुडघ्याची, बोक्याची, मफलरची चौकशी मी उगाच एवढी केली नाही.

मी शटर वर करायला वळले तेव्हा आई म्हणाली, “मी एकटी नव्हते.”

म्हटलं, “काय?”

“निकाल लागला तेव्हा सरांकडे मी एकटी गेले नव्हते. माझ्या तर तोंडून शब्द फुटेना. जे काय बोलली ती तुझी मावशी बोलली.”

मी तिला खोटारडी म्हटलं. म्हटलं, आता आपलं पाप दुसऱ्याच्या गळ्यात बांधतेस. ती म्हणाली, “विचार तिला.”

पण मी विचारत नाहीये, मावशी. कारण बसल्या बसल्या सगळं आठवलं. त्या आठवड्यात तू रजा घेऊन आली होतीस. का आली होतीस, हे मी कधी विचारलंच नाही. मावशी आली याचाच आनंद. तू नर्स. आईचा हात तुझ्याआधी कुणाला कळणार होता? मी अंथरुणात तोंड खुपसून पडले होते आणि तू उशाशी बसून माझे केस विंचरत होतीस. म्हणत होतीस, “कॉलेजवाल्यांना काय कळतंय गं, खारू? त्यांची अक्कल ती केवढी.” किती हळुवार विंचरत होतीस! शाळेत आम्हाला वाक्प्रचार द्यायचे, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा म्हणून. ‘केसानं गळा कापणे’ला मला पूर्ण गुण मिळाले होते. अर्थ मात्र मला आत्ता कळला.

आई दुकानात अडकली होती. बुडत्यानं हाताला लागेल ते धरावं, तसं तिनं मला धरलं. तिच्यावर मी रागावू शकते, भांडू शकते, तिचं वागणं मला समजतंसुद्धा. पण तू? तू या दुकानातून सुटली होतीस. तुला वास सोसवेना एवढ्यावर तुला जाऊ दिलं, आणि थोरली राहिली म्हणून तुला जाता आलं. बाहेरचं जग काय असतं हे या घरात फक्त तुला ठाऊक होतं. आणि सरांच्या दारात उभं राहून ‘तिला यायचं नाही, तिला लाज वाटते, तुम्ही तिच्याकडे विषय काढू नका’ हे तू सांगितलंस. हे शेवटचं सरांनीच मला सांगितलं, शब्द न् शब्द.

हो, चार दिवसांनी मी सरांकडे गेले होते. आईला घेऊन गेले. तेही सांगते.

आईनं चहाच्या वेळी केलेलं मला सहन होत नव्हतं. माझं जे झालं ते झालं, पण त्या माणसाचा काय गुन्हा? मी आईला म्हटलं, “तू चल. तू स्वतः सांगायचंस त्यांना.” मला वाटलं, भांडेल. ती मुकाट्यानं आत गेली आणि कोट घालायला लागली. आरशासमोर उभी राहून बटण लावत होती, बटण काजात जाईना. मी दारात उभी राहून बघत होते. मनात म्हटलं, बघू दे किती वेळ लागतो. पण नाही बघवलं. जाऊन लावून दिली सगळी बटणं.

सरांच्या सूनबाईंनी दार उघडलं. म्हणाल्या, “बाबा आजकाल कुणाला भेटत नाहीत. कार्यक्रमाहून आल्यापासून म्हणतात, मला एकट्याला बाहेर सोडू नका, माझ्या डोक्याचा भरवसा नाही. सकाळचं फिरणंसुद्धा बंद केलंय.” मी आईकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती.

सर खिडकीपाशी बसले होते. आई उभीच राहिली. सूनबाई आत जायला निघाल्या, तर आई म्हणाली, “तुम्ही थांबा. तुमच्यासमोर बोलायचंय.” आणि म्हणाली, “सर, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. पहिला नंबर हिचाच होता. मी हिला नापास झालीस असं सांगितलं होतं. तुमचं डोकं शाबूत आहे. माझंच फिरलं होतं.”

सर खुर्चीत सावरून बसले. मग सूनबाईंना म्हणाले, “ऐकलंस? उद्यापासून मी फिरायला जाणार. एकटा.” आणि लहान मुलासारखे रडले. सूनबाईही रडल्या. आई भिंतीकडे बघत उभी होती.

मग सर माझ्याकडे वळले. “मला वाटायचं, तूच नाही म्हणालीस,” ते म्हणाले. “मला फार लागलं होतं ते. इतकी गुणी मुलगी, आणि समोर येऊन सांगायची हिंमतसुद्धा नाही, म्हणून तुझा राग राग केला मी. बदली झाली तेव्हा निरोपसुद्धा घेतला नाही तुझा.” म्हणजे ते माझ्यावर रुसलेले आणि मी त्यांना तोंड चुकवत फिरलेली. तुमच्या एका वाक्यानं हे सगळं!

परत येताना आई म्हणाली, “आता झालं ना?”

मी म्हटलं, “त्यांचं झालं.”

“आणि तुझं?”

“माझं नाही.”

तिनं मान हलवली आणि आम्ही चालत राहिलो. वाटेत तिनंच रंगवलेली औषधाच्या दुकानाची जुनी पाटी लागते. माझ्या जन्माआधीची. काय अक्षरं आहेत, मावशी! उन्हानं रंग उडालाय, पण एक गोलाई ढळलेली नाही. मी नेहमीप्रमाणे थांबले बघायला, सवयीनं. आणि मला तिथंच, रस्त्यात, रडू फुटलं. कारण मला जे काही येतं ते सगळं हिनं शिकवलंय, आणि ते खोटं नाही. त्यातलं काहीच मला टाकून देता येत नाही. नुसती वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

आता मुद्द्याचं. नदीपलीकडच्या मोठ्या शहरात मुलांचं नवं हॉस्पिटल उभं राहिलंय. त्यांच्या आतल्या भिंती रंगवायचं काम त्यांनी मला मागेच विचारलं होतं. मी दोनदा नाही म्हटलं होतं, आईला सोडून कशी जाऊ, असं म्हणून. खरं तर घाबरले होते. काल त्यांना होकार कळवला. सोमवारी निघतेय. काम वर्षभर तरी चालेल. पुढचं पुढे.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “जा.” जरा वेळानं विचारलं, “परत येशील?” मी म्हटलं, “माहीत नाही.” मला खरंच माहीत नाही. तिला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं मला जमलं असतं, पण आपल्या घरात तेवढं पुरे झालं.

दुकान मी बंद करत नाही. माझ्याकडे शिकलेली दोघं जण पाट्या सांभाळतील. पण आईचं काय? तिला बटणं लावता येत नाहीत, सुरी धरवत नाही, कप भरून दिला तर अर्धा सांडतो. आणि कुणाची मदत घ्यायची तर बाईसाहेबांचा मान जातो. तिला न दुखवता तिचं करणारं माणूस हवं. तिचा हात आधीपासून ओळखणारं.

ते माणूस तू आहेस. तू निवृत्त आहेस, एकटी आहेस, बोक्याला टोपलीत घालून आणता येतं. टर्पेंटाइनचा वास अजून येतो घरात, त्याला माझा इलाज नाही. तुझ्यासाठी पुढची खोली झाडून ठेवलीय, जिना चढावा लागणार नाही.

तुमच्यावर मी रागावलेय, दोघींवर, आणि तुझ्यावर जास्त. तो राग कधी जाईल याचा वायदा मी करत नाही. तू येशील तेव्हा मी घरी नसेन, हेही मुद्दाम ठरवलंय. तुला समोर बघितलं तर मी तुझ्या गळ्यात पडेन, आणि इतक्यात मला ते नकोय. त्या वेळी दोघींनी मिळून मला ठेवून घेतलंत. आता दोघी मिळून मला जाऊ द्या.

या पत्राला उत्तर लिहू नकोस. गाडीत बस.

तुझी,
आणि कितीही वाटलं तरी दुसऱ्या कुणाची होऊ न शकणारी,
खारू